लघवीच्या तपासणीतून मेंदूचे निदान होते काय?

प्रश्न: माझी मुलगी काही महिन्यांपासून उदास असते, झोपही लागत नाही. एका प्रयोगशाळेने लघवीतील सेरोटोनिन व डोपामिन मोजून ‘असंतुलन’ असल्याचा अहवाल दिला आहे. तो ग्राह्य मानावा काय?

उत्तर: मानू नये. शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत निर्माण होते, आणि रक्त व मेंदू यांमधील पडदा ओलांडण्याची मुभा त्यास नसल्याकारणाने, लघवीत उतरणारे प्रमाण मुख्यत्वे आतडी व मूत्रपिंडे यांच्याच कारभाराची हकिगत सांगते. मेंदूतील पेशींच्या संधिस्थानी काय चालले आहे, याविषयी ते मौन पाळते. तथापि अशा तपासण्या सर्वस्वी निरुपयोगी नव्हेत: अधिवृक्क ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा नामक गाठीचा संशय आल्यास मेटानेफ्रिन, आणि कार्सिनॉइड गाठीच्या संशयात 24 तासांच्या लघवीतील सेरोटोनिनचा चयापचयजन्य अवशेष मोजणे सयुक्तिकच ठरते (तिथेही केळी वा अक्रोड खाल्ल्याने आकडा फुगतो!). नैराश्याचे निदान मात्र मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी सविस्तर संभाषण करूनच करतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन व ब-12 जीवनसत्त्व तेवढे तपासून घ्यावे; आणि त्या अहवालाच्या आधारे विकली जाणारी पूरके, विशेषतः नैराश्यावरील औषधे चालू असल्यास, डॉक्टरांच्या अनुज्ञेवाचून मुलीस देऊ नयेत.