मनावरील आघाताचे मोजमाप

दिनांक १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक खाजगी प्रवासी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेनंतर मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते. मनावरील आघात मात्र बोलण्यातूनच उमगतो. बुलडाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावी आपद्ग्रस्त माणूस ‘झोप लागत नाही’ एवढेच सांगतो. ही तक्रार किती गंभीर, हे कसे ठरवावे?

मुलाखतीची पद्धत

आघातोत्तर ताणविकाराच्या निदानासाठी १९९० च्या सुमारास अमेरिकेत एक प्रमाणित मुलाखत तयार झाली. तिच्या सुधारित आवृत्तीत २० लक्षणांची विचारणा होते. त्यांचे गट चार : आठवणींचा पुनःपुन्हा मारा, टाळाटाळ, विचार व भावनांतील प्रतिकूल बदल आणि सततची दक्षता. प्रत्येक लक्षणास ० ते ४ गुण देतात. ० म्हणजे लक्षण नाही, १ सौम्य, २ मध्यम, ३ तीव्र, ४ पराकोटीचे. २ गुणांपासून लक्षण निदानासाठी ग्राह्य धरतात.

गुण देताना गेल्या महिन्यातील वारंवारता व तीव्रता ही दोन्ही पाहावी लागतात. अपघाताची दुःस्वप्ने महिन्यात दोनदा पडून स्पष्ट त्रास होत असेल, तर २ गुण. आठवड्यातून दोनदा पडून त्रास बराच अधिक असेल, तर ३. वारंवार पण पुसट जाणवणाऱ्या लक्षणास अधिक गुण मिळत नाहीत. लक्षणाचा घटनेशी संबंधही तपासावा लागतो. रात्रीच्या ओलितासाठी जागणाऱ्या शेतकऱ्याची झोपमोड आघातामुळेच झाली, असे गृहीत धरता येत नाही.

‘भयंकर स्वप्ने पडतात ना?’ असा उत्तर सुचविणारा प्रश्न निरुपयोगी होय. ‘अलीकडे असे केव्हा झाले? तेव्हा काय केले?’ असे विचारल्यास खरे चित्र उभे राहते.

केवळ ८० पैकी मिळालेल्या बेरजेवर निदान होत नाही. लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आहेत काय, कामधंदा वा संसार विस्कटला आहे काय, हेही पाहतात.

गावाचे कर्तव्य

हे गुणांकन प्रशिक्षित तज्ज्ञांचे काम आहे. सरपंच, शिक्षक व आशा सेविकांनी ते करू नये. मात्र त्रास महिनाभर टिकल्यास त्या व्यक्तीस जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे न्यावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ‘वेडा’ हा शिक्का बसेल या भयाने कोणी उपचारावाचून राहू नये, ही दक्षता गावानेच घ्यावयाची आहे.