🌿 *आजचा धडा: ओलाव्यातला पुदिना, कुठला तोडायचा आणि कुठला नाही*



चारकोप भागात विहिरीच्या मोरीजवळ, पाटाच्या कडेला, नळ गळतो तिथे पुदिना आपोआप पसरलेला दिसतो. नाल्याच्या काठावरही दिसतो. पाला सारखाच, वासही सारखाच. पण दोन्ही एका टोपलीत घालू नका.

*ओळख*
खोड चौकोनी, पानं समोरासमोर जोडीने, कडा दातेरी. फांद्या जमिनीलगत धावतात आणि पेराला मुळं फुटतात. चौकोनी खोड तुळशीचं आणि सब्जाचंही असतं, म्हणून पान चुरगळून बघा. पुदिन्याचा वास आला नाही तर तोडू नका. खारं पाणी पुदिन्याला मानवत नाही, त्यामुळे खाडीकडे, तिवरांत शोधायला जाऊ नका.

*नाल्याकाठचा का नको?*
1. पुदिना आपण चटणीत कच्चाच खातो. सांडपाण्यातून कावीळ, टायफॉइड, जुलाबाचे जंतू पानावर येतात. धुतल्याने माती जाते, सगळे जंतू जात नाहीत.
2. शिसं, कॅडमियम असे जड धातू मुळांवाटे पाल्यात उतरतात. ते धुऊनही जात नाहीत, शिजवूनही नाहीत.
3. गुरं चरतात अशा दलदलीत गोगलगायींमार्फत पर्णकृमी (लिव्हर फ्लूक) पाणवनस्पतींना चिकटून राहतो. जनावराच्या यकृताला लागणारा हा कृमी कच्च्या पाल्यातून माणसालाही लागू शकतो.

वास चांगला म्हणजे पाणी चांगलं, असं नाही.

*मग काय करायचं?*
✅ स्वच्छ विहिरीजवळच्या पुदिन्याच्या मुळं असलेल्या, बोटभर लांब धावत्या फांद्या घ्या. नाल्याकाठचं बेणं आणू नका.
✅ थोड्या सावलीत, शेणखत घातलेल्या उंच वाफ्यात वीतभर अंतरावर लावा. ओल कायम हवी, पाणी तुंबायला नको.
✅ साधारण दोन महिन्यांनी पहिली कापणी. जमिनीपासून दोन-तीन बोटं खोड ठेवा, पुन्हा फुटतो.
✅ सकाळी कापा, सावलीत ठेवा, स्वच्छ पाण्याने भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळा.
❌ जुडी टवटवीत दिसावी म्हणून नाल्याच्या पाण्यात बुचकळू नका. वाफ्यातला चांगला माल इथेच बिघडतो.

*संकलनाला देताना*
पाणी विहिरीचं, बोअरचं की नळाचं, ते सांगा. गिऱ्हाईक जुडीवर तुमचं नाव वाचत नाही, कंपनीचं वाचतं. एका घरची खराब जुडी गेली तर सगळ्यांचा माल परत येतो, आणि कुणाचं लेकरू आजारी पडलं तर ते कशानेच भरून येत नाही.

शंका असेल तर तोडण्याआधी दोन फोटो याच नंबरवर पाठवा: एक झाडाचा जवळून, दुसरा पाणी कुठून येतं त्या जागेचा. दुसरा फोटो विसरू नका, आम्ही आधी तोच बघतो.

🙏 धडा घरात पाला निवडणाऱ्यांनाही वाचून दाखवा.