निराधार विधवेचा अर्ज : पहिली पायरी ग्रामपंचायतीत

निराधारांना दरमहा अर्थसाहाय्य देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून राबविली जाते. अर्ज तहसील कार्यालयात द्यावयाचा असतो. परंतु विधवेचा अर्ज अनेकदा अडतो तो त्याआधीच, पतीच्या मृत्यूच्या दाखल्यापाशी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार २१ दिवसांत खबर दिल्यास नोंद विनाशुल्क होते. वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दुःखात बुडालेल्या घराला हे कसे सुचावे? तेराव्याला जाणाऱ्या पंचायत सदस्याने वा शिक्षकाने नोंदीची चौकशी तेथेच करावी. उत्पन्नाच्या व रहिवासाच्या दाखल्यांची खटपट मागाहूनही करता येते. अर्ज अडलाच, तर तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, कायदेविषयक साहाय्य विनामूल्य मिळते.