वृद्धांचे व्याधिक्षमत्व आणि यशद : मात्रेचा हिशेब

वार्धक्यात धातुक्षय होतो, अग्नी मंदावतो आणि व्याधिक्षमत्व उणावते. आधुनिक शास्त्रानुसार या वयात थायमस ग्रंथी संकोचते व 'टी' पेशींचे कार्य शिथिल होते. या ग्रंथीचा थायम्युलिन हा स्राव जस्ताशिवाय क्रियाशील होत नाही. म्हणूनच वृद्धांना जस्त द्यावे काय, व किती द्यावे, याचा विचार वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही करणे अगत्याचे आहे.

कमतरतेची कारणे

नांदेड-लातूर भागातील वृद्धांचा आहार प्रायः ज्वारीची भाकरी व तुरीचे वरण असा असतो. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे २ मि.ग्रॅ. जस्त असते, परंतु धान्य व डाळींतील फायटेट ते बांधून ठेवते व शोषण घटते. दात गेल्यावर शेंगदाणे, तीळ, मांस सुटते आणि दुधात कुस्करलेली भाकरी तेवढी उरते. थायझाइड वर्गातील मूत्रल औषधांमुळे मूत्रावाटेही जस्त जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषांसाठी १७ व स्त्रियांसाठी १३.२ मि.ग्रॅ. एवढे दैनिक प्रमाण सांगितले आहे.

संशोधनाचा निष्कर्ष

मानवातील जस्तन्यूनता १९६१ साली प्रथम लक्षात आणून देणारे डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारचे. त्यांच्या २००७ च्या अभ्यासात ५५ ते ८७ वयाच्या ५० व्यक्तींपैकी ज्यांना वर्षभर रोज ४५ मि.ग्रॅ. जस्त दिले, त्यांच्यात जंतुसंसर्ग कमी आढळला. उलट, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत कोविडच्या बाह्यरुग्णांना ५० मि.ग्रॅ. जस्त देऊनही लक्षणांचा काळ लक्षणीय घटला नाही. तात्पर्य, जस्त हे उणीव भरून काढणारे द्रव्य आहे. सर्वांस सरसकट द्यावयाचे बल्य नव्हे.

मात्रेचा हिशेब

झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटच्या २२० मि.ग्रॅ. मध्ये प्रत्यक्ष जस्त सुमारे ५० मि.ग्रॅ. असते. यशद भस्म हे मुख्यतः झिंक ऑक्साइड होय. शुद्ध ऑक्साइडमध्ये ८० टक्के जस्त असते, म्हणजे एक गुंज (१२५ मि.ग्रॅ.) भस्मातून १०० मि.ग्रॅ. पर्यंत जस्त पोटात जाते. ते सर्व शोषले जात नाही हे खरे, तथापि ते हिशेबाबाहेर ठेवता येत नाही. सुवर्णवसंतमालतीत सुवर्ण १, मोती २, हिंगूळ ३, मिरे ४ व खर्पर ८ भाग असतात. खर्पराऐवजी यशद भस्म घालण्याचा प्रघात असल्याने या कल्पातूनही बरेच जस्त जाते. जीर्णकासाच्या वृद्धास एकाने मल्टिव्हिटॅमिन, दुसऱ्याने वसंतकल्प दिला आणि त्याने स्वतः दुकानातून जस्ताची गोळी घेतली, तर एकूण मात्रा कोणाच्याच ध्यानात येत नाही.

प्रौढांसाठी सर्व मार्गांनी मिळून दिवसाला ४० मि.ग्रॅ. ही कमाल मर्यादा सामान्यतः मानली जाते. दीर्घकाळ अतिमात्रेत जस्त घेतल्यास आतड्यातील पेशींत मेटॅलोथायोनिन वाढते, ते ताम्रास अडकवते व शरीरात ताम्रन्यूनता होते. परिणामी पांडू, श्वेतपेशींची घट व चालण्यातील अस्थिरता उद्भवते. ज्या व्याधिक्षमत्वासाठी औषध दिले, तेच अशाने ढासळते.

व्यवहारातील सूचना

१. प्रथम रुग्णाची सर्व औषधे, डबे व पुड्या पाहाव्यात.

२. मोड आलेली मटकी, ज्वारीची आंबील, तिळाचे व शेंगदाण्याचे कूट सुचवावे. भिजविणे, मोड आणणे व आंबविणे यांमुळे फायटेट घटते.

३. जस्ताची गोळी, यशद भस्म व वसंतकल्प एकाच वेळी चालू ठेवू नयेत. औषधाची मुदत आधीच ठरवावी.

४. टेट्रासायक्लिन वा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असल्यास ते आधी द्यावे व जस्त किमान दोन तासांनी.

५. जस्त अनेक महिने चालू असून लोहकल्प देऊनही पांडू हटत नसेल, तर रक्तगणना करून ताम्रन्यूनतेचा विचार करावा.

६. विक्रेत्यांनी ग्राहकास आणखी कोणते जस्त चालू आहे हे विचारावे, आणि वेष्टनावरील आकडा क्षाराचा की प्रत्यक्ष जस्ताचा हे पाहूनच गोळी द्यावी.