परवानगी दिलेला ब्राउझरही उघडेना: फोनच्या वेळ-मर्यादेचे दार कोठे अडले, हे कसे शोधावे?



या पानावर आपण बहुधा बेणे, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. पण तो आता प्रत्येकाच्या घरात आहे, आणि त्यापायी एका मुलीचा अर्ज राहता राहता वाचला, म्हणून तो येथे मांडणे आम्हाला जरूर वाटले.

२०२५ साली अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्या धांदलीत एका संध्याकाळी आमच्या गट ऑफिसात एक सभासद मुलीला घेऊन आले. पसंतीक्रम भरायला थोडेच तास उरले होते. मुलीच्या फोनला वडिलांनी वेळेची मर्यादा घातलेली होती. मर्यादा संपली तरी अभ्यासासाठी क्रोम ब्राउझर चालू राहावा, अशी सूट त्यांनी स्वतःच दिली होती. तरीही प्रवेशाचे पान काही उघडेना.

मुलगी म्हणाली, "आबा, क्रोमला तुम्हीच परवानगी दिलीय ना?"

"दिलीय की! मग उघडत का न्हाई?" आबा तापलेच होते. "साहेब, हे सगळं कुलूपच काढून टाका. नाहीतर फोन पुसून कोरा करा."

आम्ही म्हटले, आबा, जरा दम धरा. आधी तुमच्या फोनवर अर्जाचे पान उघडा आणि मुलीला तो भरू द्या. कुलपाचं नंतर बघू. तसे केले आणि अर्ज वेळेत गेला. मग शांतपणे बसून मुलीचा फोन तपासला, तेव्हा एक नव्हे, दोन ठिकाणी अडथळा सापडला. त्यातून जे शिकायला मिळाले ते असे.

दारे एक नव्हे, अनेक

कालव्याचे पाणी आपल्या बांधावर यायचे तर मुख्य कालवा, वितरिका, चारी आणि शेतचारी अशी एकामागून एक दारे उघडी असावी लागतात. शेतचारीचे दार आपण उघडले आणि वर चारीचे दार बंद असले, तर बाऱ्यात पाणी येणार कसे? फोनचेही तसेच आहे. आपण "क्रोमला परवानगी" देतो ते एक दार झाले. त्याच्या वर आणि खाली दुसरी दारे असतात:

१. संपूर्ण फोनची रोजची एकूण वेळ.
२. रात्रीची किंवा शाळेची बंद वेळ.
३. त्या एका ॲपसाठी घातलेली वेगळी वेळ.
४. ब्राउझरच्या आत कोणती संकेतस्थळे उघडावीत याची गाळणी.
५. वयाप्रमाणे ॲप दाखवण्याची मर्यादा.

यांतील एक दार उघडले म्हणून दुसरे आपोआप उघडत नाही. हा मुद्दा नीट ध्यानात आला म्हणजे निम्मे काम झालेच म्हणून समजा.

आधी लक्षण ओळखा

उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच युरिया टाकत नाही. लोह कमी आहे, नत्र कमी आहे की पाणी साचले आहे, ते आधी पाहतो. येथेही फोन काय दाखवतो आहे ते अगोदर वाचा.

ब्राउझरचे चित्र फिके पडले आहे, किंवा वेळ संपल्याचा संदेश येतो: मग अडथळा वेळेचा आहे. आयफोनवर अशा वेळी ॲपच्या नावाजवळ वाळूच्या घड्याळाचे चिन्ह दिसते.

ब्राउझर उघडतो, पण पानाच्या जागी "पालकांची परवानगी मागा" असे येते: मग अडथळा संकेतस्थळांच्या गाळणीचा आहे. येथे वेळ कितीही वाढवा, उपयोग होणार नाही.

ब्राउझरचे चित्रच फोनवरून नाहीसे झाले आहे: मग ते ॲप बंद केले आहे किंवा वयाच्या मर्यादेत अडकले आहे.

कोणतेच पान कोणत्याच ब्राउझरमध्ये उघडत नाही: मग कुलपाला दोष देऊ नका. आधी रेंज आणि डेटा पाहा. तेच पान शेजारच्या फोनवरही उघडत नसेल, तर ते संकेतस्थळच गर्दीने अडलेले असू शकते.

अँड्रॉइड फोन असेल तर

आपल्या बहुतेक घरांत अँड्रॉइड फोन आहेत. त्यांवर वेळेची मर्यादा बहुधा दोन ठिकाणांहून घातली जाते. एक म्हणजे पालकांच्या फोनवरचे गूगलचे फॅमिली लिंक ॲप. दुसरे म्हणजे मुलाच्या फोनच्या सेटिंगमधले डिजिटल वेलबीइंग. पुष्कळदा आईने एकीकडे मर्यादा घातलेली असते आणि मुलाने स्वतः परीक्षेच्या दिवसांत दुसरीकडे. म्हणून दोन्ही तपासावे.

पहिली पायरी. फॅमिली लिंकमध्ये मुलाचे नाव उघडून रोजची मर्यादा आणि बंद वेळ या दोन्ही नोंदी पाहा. रोजची मर्यादा बदलली म्हणून रात्रीची वेळ बदलत नाही. एखाद्या दिवसाचीच नड असेल तर कायमची मर्यादा मोडू नका. त्या दिवसापुरता जादा वेळ देण्याची सोय त्यात आहे.

दुसरी पायरी. ॲपच्या यादीत क्रोमपुढे काय लिहिले आहे ते पाहा: बंद, ठराविक वेळ, की नेहमी परवानगी. मग डिजिटल वेलबीइंगमध्ये जाऊन क्रोमला वेगळा टाइमर लावलेला नाही ना, याची खात्री करा. तो टाइमर संपला की ॲप बंद होते आणि मध्यरात्रीनंतरच पुन्हा चालू होते. तेथेच फोकस मोड असतो. त्याच्या यादीत क्रोम असेल तर मोड चालू असेपर्यंत ते थांबलेलेच राहते.

तिसरी पायरी, आणि आबांच्या घरचा पहिला अडथळा हाच होता. व्हॉट्सॲपवर आलेला दुवा दाबला की तो फोनच्या ठरलेल्या ब्राउझरमध्ये उघडतो. अनेक कंपन्या फोनसोबत स्वतःचा ब्राउझर देतात. मुलीच्या फोनवर ठरलेला ब्राउझर कंपनीचा होता आणि सूट दिली होती क्रोमला! दाबला दुवा की लागलेच कुलूप. सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात डिफॉल्ट ॲप्स, त्यात ब्राउझर असे जाऊन क्रोम निवडा, म्हणजे झाले.

चौथी पायरी, म्हणजे आबांचा दुसरा अडथळा. क्रोमसाठी फॅमिली लिंकमध्ये तीन गाळण्या आहेत: सर्व संकेतस्थळे उघडू देणे, अश्लील संकेतस्थळे अडवण्याचा प्रयत्न करणे, किंवा फक्त मंजूर केलेलीच उघडू देणे. आबांनी तिसरी निवडली होती आणि प्रवेशाचे संकेतस्थळ मंजूरही केले होते. पण फी भरायची वेळ आली की पान दुसऱ्याच संकेतस्थळावर जाते. ते यादीत नव्हते, म्हणून मधेच अडले. अर्ज, फी, बँकेची पडताळणी अशा कामांत दोन-तीन संकेतस्थळे लागतात. ज्या पत्त्यावर अडते तो पत्ता वाचून घ्या, खात्रीचा असेल तर मंजुरीच्या यादीत घाला आणि पुन्हा पाहा.

पाचवी पायरी. आपण आपल्या फोनवर केलेला बदल मुलाच्या फोनपर्यंत इंटरनेटवरूनच पोचतो. वस्तीवर रेंज नसेल तर येथे परवानगी दिली तरी तिथे जुनेच कुलूप राहते. मुलाचा फोन रेंजमध्ये आणा, थोडा वेळ थांबा, मग बंद करून चालू करा. तारीख आणि वेळ आपोआप घेण्यावर ठेवलेली आहे का, तेही पाहा. घड्याळ चुकले की मर्यादाही चुकते.

आयफोन असेल तर

ज्यांची मुले शहरात शिकायला आहेत, त्यांच्यापैकी काहींकडे आयफोन आहे. त्यावर स्क्रीन टाइम ही सोय २०१८ पासून आहे. तेथे चार जागा तपासाव्यात.

डाउनटाइमच्या वेळेत फोन करणे आणि "नेहमी परवानगी" यादीतील ॲप्स एवढेच चालते. सफारी किंवा आपला ब्राउझर त्या यादीत हवा. पण तेवढ्याने भागत नाही. ॲप लिमिटमध्ये त्याच ब्राउझरवर वेगळी वेळ घातलेली नाही ना, ते पाहा.

ही मर्यादा ॲपप्रमाणेच एखाद्या संकेतस्थळालाही लागू शकते. म्हणून कधी सफारी उघडते, पण आतल्या पानावर वाळूचे घड्याळ येते. अशा वेळी सफारीला पुन्हा पुन्हा परवानगी देऊन फायदा नाही. त्या संकेतस्थळाची मर्यादा काढावी लागते.

मजकूर व गोपनीयता निर्बंध या भागात सफारी बंद केली असेल तर तिचे चित्रच नाहीसे होते. तेथेच वयाची मर्यादा लहान ठेवली असेल तर बाहेरून घेतलेले ब्राउझर लपतात, कारण त्यांतून कोणतेही पान उघडता येते म्हणून त्यांना मोठ्या वयाचा शिक्का असतो.

शेवटचे म्हणजे, एकाच खात्यावर फोन आणि आयपॅड दोन्ही असून वापर एकत्र मोजला जात असेल, तर आयपॅडवर घालवलेला वेळही फोनच्या वाट्यातून जातो.

एवढे करूनही नोंद टिकत नसेल तर फोनची प्रणाली ताजी करून घ्या. पालकांनी घातलेल्या वेळा काही वेळा आपोआप बदलतात किंवा पुसल्या जातात, हे २०२३ मध्ये ॲपल कंपनीनेही मान्य केले होते. तेव्हा दर वेळी चूक आपलीच किंवा मुलाचीच असते असे नाही. पोरावर उगाच आळ घेऊ नये.

घाईत काय करू नये

फोन कोरा करू नका. त्यात मुलाच्या वह्या-टिपणांचे फोटो जातात. शिवाय असा फोन पुन्हा चालू करताना आधीचे गूगल खाते विचारतो, आणि त्याचा पासवर्ड आठवत नसेल तर आणखी पंचाईत होते.

एक ब्राउझर चालत नाही म्हणून दुसरा अनोळखी ब्राउझर टाकून देऊ नका. फॅमिली लिंकची संकेतस्थळांची गाळणी क्रोमसाठी आहे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये ती लागू होईल असे धरून चालू नये. म्हणजे बांध फोडून पाणी घेतल्यासारखे होईल: पाणी येईल, पण ताबा राहणार नाही.

शाळेने किंवा संस्थेने दिलेला टॅब असेल तर त्याला त्यांचे स्वतःचे कुलूप असते. ते घरातून निघत नाही, शाळेलाच विचारावे.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर तेच पान उघडून पाहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या दाराने पाणी अडले होते ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच धावपळ.

शेवटी दोन शब्द

त्या दिवशी आबांनी कुलूप काढले नाही. ठरलेला ब्राउझर बदलला, एक पत्ता यादीत घातला आणि मुलीला म्हणाले, "आता परत अडलं तर आधी मला सांग, मी बघतो." आम्हाला वाटते, सगळ्यात मोठी दुरुस्ती ही झाली. मर्यादा कशासाठी आहे हे मुलाला ठाऊक असावे, आणि अडले तर बापाकडे यायला त्याला भीती वाटू नये.

आमची सूचना एवढीच की अर्जाची, परीक्षेची किंवा निकालाची तारीख जवळ आली की दोन दिवस आधी त्याच फोनवर, त्याच वेळेला, ते पान एकदा उघडून पाहावे. फी भरण्याच्या पानापर्यंत जाऊन यावे. मोटर सुरू होते का ते आपण पाळीच्या आदल्या दिवशी बघतो, तसेच हे. ज्यांना स्वतः जमत नसेल त्यांनी मुलाचा आणि आपला, असे दोन्ही फोन घेऊन गट ऑफिसात यावे. तेथे बसून आपण मिळून बघू.