सेनिओच्या बांधाआड : ९ एप्रिल १९४५



तुमच्यापैकी जे प्रवरेच्या कालव्याकाठी राहतात, त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. कालव्याच्या दोन्ही बाजूंना मातीचा उंच भराव असतो. बाहेरच्या शेतात उभे राहिले तर आतले पाणी दिसत नाही, आणि पाण्याशी उभा असलेला माणूसही दिसत नाही. त्याने हाक मारली तर ऐकू मात्र येते. ध्वनी भरावाला वळसा घालून येतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून तो अडतो. बंदुकीची गोळीही जवळजवळ सरळ रेषेतच जाते, एवढे ध्यानात ठेवा. मग आपल्या जिल्ह्यातील एका तरुणाची लढाई तुम्हाला नीट समजेल.

हा तरुण म्हणजे नामदेव जाधव. जन्म १९२१ सालचा, गाव निमज, जिल्हा त्या वेळचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत तो साधा शिपाई होता. एका कंपनीत त्याच्याकडे निरोप्याचे काम होते, म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर राहायचे आणि त्याचे निरोप धावत पोहोचवायचे. १९४५ च्या एप्रिलमध्ये ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर उत्तर इटलीत सेनिओ नदीसमोर येऊन थांबली होती.

ही नदी ॲपेनाइन डोंगरातून उतरते. सपाट मुलखात पुराचे पाणी शेतांत शिरू नये म्हणून तिला दोन्ही काठांनी बांध घातलेले आहेत. लढाई झाली त्या ठिकाणी पात्राची रुंदी सुमारे १५ फूट आणि खोली ४ ते ५ फूट. आपल्याकडे हिला ओढाच म्हणतील! बांध मात्र ३० ते ३५ फूट उंच, म्हणजे तीन मजली घराएवढे, आणि उभ्या चढणीचे.

आता वहीत या नदीचा उभा छेद काढा. मध्ये अरुंद पाणी, दोन्ही बाजूंना बांध. उजवीकडे पूर्व, तिकडून आपले सैनिक येणार. डावीकडे पश्चिम, तो मुलूख जर्मनांच्या ताब्यात. परंतु जर्मनांनी दोन्ही बांध पोखरून आत खंदक आणि मशिनगनची ठाणी केली होती. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या, म्हणजे पाण्याकडच्या उतारावरही त्यांची ठाणी होती. ही जागा वहीत फुलीने दाखवा. आता उजवीकडच्या शेतातल्या एका बिंदूपासून बांधाच्या माथ्यावरून पट्टी लावा. फुली पट्टीच्या खालीच राहील.

गोळी खाली पडत नाही काय? पडते, पण किती ते पाहू. गोळीचा वेग सेकंदाला ७५० मीटर धरला, तर १०० मीटर जायला तिला ०.१३ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे ९ सेंटिमीटर खाली येते. दहा मीटर उंच बांधाआडच्या माणसाला या नऊ सेंटिमीटरचे काय भय? मागच्या उतारावरच्या लक्ष्यावर काही टाकायचे, तर ते त्या उताराहून तीव्र कोनात खाली यायला हवे.

बागेला पाणी घालण्याच्या नळीने हे करून पाहा. नळी ३० अंशांत धरा, मग ६० अंशांत. दोन्ही वेळा पाणी जवळपास तितक्याच अंतरावर पडेल, कारण पल्ला कोनाच्या दुपटीच्या साइनवर अवलंबून असतो, आणि ६० व १२० अंशांची साइन सारखीच. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी पाणी उंच जाऊन वरून कोसळते. मध्ये विटांची भिंत रचली तर ३० अंशांची धार तिच्यावर आपटेल, ६० अंशांची पलीकडे पडेल. उखळी तोफ याच कारणाने ४५ अंशांहून अधिक कोनात डागतात.

९ एप्रिल १९४५, सोमवार. दुपारी आठशेंहून अधिक अवजड बॉम्बफेकी विमाने आली. विमान लक्ष्याच्या डोक्यावर आल्यावर बॉम्ब सोडते, असा पुष्कळांचा समज असतो. बॉम्ब सुटताना त्याला विमानाचाच वेग असतो, म्हणून तो अन्वस्त मार्गाने पुढे जात खाली येतो. उंची ६,००० मीटर धरा आणि हवेचा विरोध सोडून द्या. पडायला ३५ सेकंद लागतात. विमानाचा वेग सेकंदाला ९० मीटर असेल तर तेवढ्यात बॉम्ब तीन किलोमीटरहून अधिक पुढे जातो. सोडणाऱ्याची एका सेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर ९० मीटरची चूक. पंधरा फुटी नदीच्या अलीकडे आपले आणि पलीकडे शत्रू, असे असताना ही चूक केवढी! म्हणून पुढच्या तुकड्या मागे घेतल्या होत्या, जमिनीवर खुणा मांडल्या होत्या आणि विमानभेदी तोफांनी आकाशात धुराच्या गोळ्यांची ओळ उमटवली होती. तरीही काही बॉम्ब शेजारच्या पोलिश सैनिकांवर पडले आणि मित्रांच्याच हातून माणसे मेली.

हे बॉम्ब मुख्यतः लहान, तुकडे उडवणारे होते. आदल्या वर्षी कासिनो गावावर मोठे बॉम्ब टाकले तेव्हा खड्डे आणि ढिगारे यांत स्वतःचेच रणगाडे अडले होते. तो धडा येथे उपयोगी पडला.

त्यानंतर तोफखाना. मारा थांबला की हल्ला येणार, हे जर्मनांना ठाऊक होते. म्हणून मारा मुद्दाम अनेकदा थांबवून पुन्हा सुरू केला. शेवटी विमाने नुसतीच झेपावून गेली, बॉम्ब न टाकता, आणि शत्रूने डोके खाली घातले तेवढ्यात ज्वालाफेकी गाड्यांनी बांधावर आग ओकली. पाण्यावरचे युद्धही दूर नव्हते. त्याच रात्रीच्या आधीच्या रात्री समुद्राकाठच्या कोमाक्किओच्या उथळ सरोवरात छोट्या तुकड्या लढत होत्या. तेथे अँडर्स लासेन हा डॅनिश अधिकारी पडला.

आणि एवढे होऊनही तुमच्या वहीतली फुली पुसली गेली नव्हती.

संध्याकाळी मराठ्यांची एक कंपनी पूर्वेच्या बांधावर चढली. नामदेव अधिकाऱ्याबरोबर पाण्यात उतरला, पश्चिमेच्या काठाला लागला, आणि गोळ्या पाठीमागून आल्या. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावरची निदान तीन ठाणी आता त्यांच्या पाठीशी होती. अधिकारी आणि दोन शिपाई जखमी झाले. नामदेव सोडून बाकीचे सगळे मेले.

त्याने एका जखमीला उचलले. छातीभर पाण्यात हे तितकेसे जड नाही. साठ किलोच्या माणसाचा तीन चतुर्थांश भाग बुडालेला असेल, तर तो सुमारे ४५ लिटर पाणी बाजूला सारतो आणि पंधराच किलोंचा भार उरतो. विहिरीतून घागर ओढणाऱ्याला हा अनुभव आहे : पाण्याबाहेर येताच ती जड होते. काठावर पूर्ण साठ किलो अंगावर आले, वर भिजलेले कपडे. पुढे तोच उभा चढ, त्यात पेरलेले सुरुंग, आणि मशिनगन व उखळी तोफांचा मारा.

दोघांचे मिळून १२० किलो आणि उंची १० मीटर धरा. कार्य = १२० × ९.८ × १० = ११,७६० जूल. एका मिनिटात चढायचे तर १९६ वॅट, म्हणजे पाव अश्वशक्तीहून जास्त. वर्गात हे उदाहरण घातले की मुले चटकन उत्तर काढतात. मग मी विचारतो, घसरणाऱ्या मातीत गेलेली, सुरुंग चुकवण्यात गेलेली शक्ती कोणत्या पदात धरली? यावर वर्ग गप्प होतो, आणि खरे सांगायचे तर मीही.

पहिल्याला सुखरूप पोहोचवून तो दुसऱ्यासाठी परत गेला. त्यालाही आणले. मग तिसऱ्यांदा बांध ओलांडून त्याने जवळचे ठाणे टॉमीगनने बंद केले. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना. ती टाकून त्याने हातबॉम्ब घेतले. जखमी हातापुढे दुसरा मार्ग नव्हता, पण या जागेला शस्त्र योग्यच होते : सेकंदाला १५ मीटर वेगाने ४५ अंशांत फेकलेली वस्तू २३ मीटरवर वरून खाली येऊन पडते, आणि खंदकात शिरायला तेच हवे. त्याने आणखी दोन ठाणी बंद केली. मध्ये बॉम्ब संपले तेव्हा सरपटत माथ्यापर्यंत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी आणले.

आता छेदाकडे पुन्हा पाहा. शेतातून आणि नदीतून, दोन्हींकडून दिसेल अशी जागा पूर्वेच्या बांधावर एकच आहे : माथा. तेथे उभ्या माणसाला आपले सगळे पाहू शकतात, आणि शत्रूही. मशिनगन थांबल्यावर, उखळी तोफा चालू असताना, तेवीस वर्षांचा नामदेव त्या माथ्यावर उघडा उभा राहिला आणि मराठ्यांची गर्जना करीत, हात हलवून, उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावू लागला.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील जर्मन सैन्याने २ मे रोजी शस्त्रे खाली ठेवली. नामदेव जाधव १९८४ सालापर्यंत जगले.