क्लच गर्दीसाठी निवडा

रीमॅप करून ताकद वाढवलेल्या टर्बो गाडीत सगळ्यांत आधी मान टाकतो तो क्लच. इंजिन वाढीव टॉर्क सहज देतं, गिअरबॉक्स बहुतेकदा तो पेलून नेतो. पण कारखान्यातून आलेला क्लच मूळ टॉर्कवर थोडी शिल्लक ठेवून बेतलेला असतो. ती शिल्लक संपली की चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा झरकन वर जातो आणि वेग मात्र तसूभर वाढत नाही. मग मालक घाईघाईने बाजारातला सगळ्यांत दणकट क्लच शोधायला निघतो. त्या घाईत असलेल्यांसाठी हे लिहितो आहे, कारण असा दणकट क्लच बसवलेली गाडी मी पुण्याच्या रस्त्यांवर रोज चालवली आहे.

गाडी म्हणजे स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, मॅन्युअल. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. मूळ ताकद १६० पीएस आणि टॉर्क २५० न्यूटन मीटर. मी सेकंडहँड घेतली तेव्हा तिचा रीमॅप झालेला होता, डायनोचा कागद सोबत होता, आणि आधीच्या मालकाने ‘स्टेज थ्री’ क्लच आणि हलकं फ्लायव्हील बसवून घेतलं होतं. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, पुन्हा क्लचकडे बघावं लागणार नाही.

मोकळ्या रस्त्यावर ती गाडी अप्रतिम होती. ताम्हिणी घाटात सकाळी लवकर निघालं तर तक्रारीला जागाच नव्हती. पण संध्याकाळी नवले पुलाकडून कात्रजच्या चढाला रांग लागली की खरी परीक्षा. पेडल इतकं जड की अर्ध्या तासात डावा गुडघा भरून यायचा. क्लच धरायचा तोही केसभर अंतरात, दिव्याच्या बटणासारखा: एक तर बंद, नाही तर चालू. मधली जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक सुटण्याला गाडी थरथरायची. थरथर टाळायला जास्त रेस द्यावी तर वास येणार, कमी द्यावी तर इंजिन बंद. न्यूट्रलमध्ये एसी लावून उभं राहिलं की गिअरबॉक्समधून खुळखुळाट ऐकू यायचा. शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा.

शेवटी गिअरबॉक्स उतरवला. मिस्त्रींनी प्रेशर प्लेट काढून क्लच प्लेट माझ्या हातात दिली. गोल अस्तराऐवजी तांबूस धातूचे सहा तुकडे, त्यांच्या कडा झिजून तिरक्या झालेल्या. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळसर डाग आणि केसासारख्या बारीक भेगा. मिस्त्रींनी नख फिरवलं तर ते भेगांत अडकत होतं. बेल हाउसिंगच्या तळाशी काळी भुकटी साचलेली, आणि क्रँकच्या मागच्या ऑइल सीलभोवती ओल. “दादा,” ते म्हणाले, “ही प्लेट ट्रॅकची आहे. वाईट नाही, पण हिला गर्दी सोसत नाही.”

हे नीट समजून घेतलं पाहिजे. क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराचं घर्षण, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. क्षमता वाढवायची तर यांतलंच काही तरी वाढवावं लागतं, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. दाब वाढवला की पेडल जड होतं. शिवाय पेडल दाबून धरलं की तो वाढीव जोर रिलीज बेअरिंगमार्गे क्रँकशाफ्टवर जातो आणि तिचं थ्रस्ट बेअरिंग झिजवतो. घर्षण वाढवायला सिरॅमिक-धातूचे तुकडे वापरले की क्लच झटक्याने धरतो आणि फ्लायव्हील खातो. दोन प्लेटचा क्लच सुरेख काम करतो, पण महाग, आणि रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना त्याची गरजच नसते.

रोजच्या गाडीचा क्लच खरा झिजतो तो सुटताना. सुमारे १४०० किलोची गाडी उभ्या जागेवरून हलवताना प्लेट काही क्षण घसरतेच, ती घसरण म्हणजे उष्णता. चढावर ती आणखी वाढते. ऑरगॅनिक अस्तर ही घसरण गुळगुळीतपणे सोसतं. फक्त फार तापलं की त्यावर चकाकी येते आणि पकड जाते. केवलार टिकतं खूप आणि वागतंही मऊ, मात्र बसायला वेळ घेतं आणि एकदा जळलं की पूर्वीसारखं होत नाही. सिरॅमिकला उष्णतेचं भय कमी, पण ते घसरण्यासाठी बनलेलंच नाही. म्हणून ज्या गाडीला ऑफिसला जायचं आहे तिला, टॉर्क बसत असेल तोवर, ऑरगॅनिकच घालावं, असं माझं ठाम मत आहे.

टॉर्क किती हे मात्र अंदाजाने ठरवू नका. डायनोचा आकडा बहुधा चाकावरचा असतो. क्लचला सोसावा लागतो तो क्रँकवरचा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीत चाकावर ३०० न्यूटन मीटर दिसले तर क्रँकवर साधारण ३४० ते ३५० धरा. त्यावर २० ते ३० टक्के शिल्लक पुरे. ६०० न्यूटन मीटरचा क्लच ३५० च्या गाडीत घातल्याने गाडी पळत नाही, नुसती त्रास देते. आणि ‘स्टेज’ या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. त्याला कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीचा स्टेज टू दुसरीच्या स्टेज वनपेक्षा मऊ असू शकतो. न्यूटन मीटरमधली क्षमता, अस्तर कशाचं, आणि पेडल मूळच्या मानाने किती जड, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देता येत नसेल तर त्या दुकानातून निघा.

फ्लायव्हीलचा निर्णय क्लचइतकाच मोठा आहे. लॉराला मूळ ड्युअल मास फ्लायव्हील असतं. इंजिनचे झटके शोषणाऱ्या स्प्रिंगा त्याच्या पोटात असतात, म्हणून सोबतची प्लेट बिनस्प्रिंगची चालते. सिंगल मास फ्लायव्हील घातलं तर स्प्रिंगवाली प्लेट लागतेच. तरीही मी ऐकलेला खुळखुळाट थोडाफार राहतोच. हलकं फ्लायव्हील रेस पटकन घेतं, पण गर्दीत इंजिन बंद पडायला तेच कारण होतं. माझ्या गाडीत आम्ही नवीन ड्युअल मास, जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट असा संच घातला. पेडल मूळपेक्षा किंचित जड आहे, गाडी मऊ सुटते, आणि चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेसला क्लच घसरत नाही.

यात ट्यूनरचाही मोठा हात आहे, आणि हे फार कमी लोक सांगतात. टर्बो गाडीचा क्लच घसरतो तो बहुतेक २००० ते ३००० आरपीएममध्ये, वरच्या गिअरला, जेव्हा सगळा टॉर्क एकदम येतो. ट्यूनरने तिथला टॉर्क थोडा आवरून हळूहळू चढवला तर कमाल ताकदीला धक्का न लावता मऊ क्लच पुरतो. म्हणून रीमॅप आणि क्लच या दोन्हींचं बोलणं एकाच वेळी करा, आधी एक, मग दुसरं, असं नको.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची असेल तर क्रँकचं मागचं सील, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलचे बोल्ट त्याच वेळी नवे घाला. माझ्या गाडीतली सीलभोवतीची ओल आणखी काही महिने तशीच राहिली असती तर तेल प्लेटवर गेलं असतं. तेल प्यायलेली प्लेट धुऊन वाचत नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे असतात. एका बाजूने आवळले तर प्लेट वाकते आणि नव्या क्लचलाही थरथर येते. मिस्त्री टॉर्क रेंच वापरतात का, हे उभं राहून बघायला लाजू नका.

बसवून झाल्यावर पहिले ८०० किलोमीटर शहरातच चालवा. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांवर बसतात ते गिअर बदलण्याने, सुटण्या-थांबण्याने. एक्स्प्रेसवेवर सरळ गाडी नेल्याने नाही. त्या काळात पूर्ण रेस नाही, झटक्याने सुटणं नाही, चढावर हाफ क्लचवर गाडी तोलणं नाही, हँडब्रेक ओढा. सिग्नलला न्यूट्रल करून पाय पेडलवरून काढा. नंतर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला २००० आरपीएमपासून पूर्ण रेस देऊन पाहा: काटा आणि वेग बरोबर चढले, तर क्लच बसला.